जुनं सॉफ्टवेअर ‘मेमरी कमी’ म्हणतं तेव्हा: रॅम विकत घेण्याआधी काय तपासावं

वाशीच्या घाऊक बाजारातला एखादा गाळा, वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप, ठाणे स्टेशनजवळचं पत्रिका छापायचं दुकान. अशा ठिकाणी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बनवून घेतलेलं सॉफ्टवेअर अजून रोजच्या कामात असतं. शेतकऱ्याची पट्टी, आडत, हमाली, तोलाई हे सगळं पैशापैशाला जुळवणारा प्रोग्राम केवळ जुना झाला म्हणून टाकून द्यायचं कारण नाही. पण मशीन बदललं, नवा प्रिंटर जोडला किंवा मार्चअखेर आली की पडद्यावर मेमरी कमी असल्याचा संदेश येतो. मग रॅम वाढवली जाते. संदेश जात नाही, किंवा जातो आणि महिन्याभरात परत हजर.

जुनं सॉफ्टवेअर ‘मेमरी’ म्हणतं तेव्हा ते मशीनच्या एकूण रॅमबद्दल बोलत नसतं. त्याला एका ठरावीक कप्प्यातली जागा हवी असते. तो कप्पा भरला की बाहेर ८ जीबी मोकळी असली तरी त्याच्या उपयोगाची नाही. काही वेळा तर दुखणं नेमकं उलटं असतं: रॅम जास्त झाल्यामुळेच सॉफ्टवेअर ‘कमी आहे’ म्हणतं. म्हणून कप्पा कुठला ते आधी ठरवायचं, मग हात लावायचा.

कमांड आणि फाइलमधल्या ओळी खाली फोनवर सांगतात तशा उच्चाराने दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा. चिन्हं जशीच्या तशी ठेवा. आणि काहीही बदलण्याआधी सॉफ्टवेअरचं पूर्ण फोल्डर डेटासकट पेनड्राइव्हवर कॉपी करून त्यावर तारीख घाला. हे न करता पुढे जाऊ नका.

संदेश शब्दशः लिहून घ्या

‘मेमरीचा एरर येतो’ एवढ्यावर निदान होत नाही. मोबाइलवर फोटो काढा आणि शब्द वाचा.

‘प्रोग्राम टू बिग टू फिट इन मेमरी’, ‘इन्सफिशियंट मेमरी’, किंवा क्लिपर या जुन्या डेटाबेस साधनात बनवलेल्या प्रोग्रामचा ‘कन्व्हेन्शनल मेमरी एक्झॉस्टेड’: हे तिन्ही डॉसच्या (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालवायची सिस्टिम) ६४० केबीच्या कप्प्याकडे बोट दाखवतात.

‘इन्सफिशियंट मेमरी टू इनिशियलाइज विंडोज’: विंडोज ९८ वर हा बहुतेक वेळा जास्त रॅमचा परिणाम असतो.

‘आउट ऑफ एन्व्हायर्नमेंट स्पेस’: पाथ वगैरे साठवायची छोटी जागा भरली. डॉस सुरू होताना वाचतं त्या कॉन्फिग.सिस फाइलमध्ये शेल=सी:\डॉस\कमांड.कॉम सी:\डॉस\ /ई:१०२४ /पी ही ओळ टाकली की संपलं.

‘टू मेनी फाइल्स ओपन’: याचा मेमरीशी संबंध नाही, पण कारकून हाही मेमरीचाच एरर म्हणून सांगतात. उपाय फाइल्सच्या आकड्यात आहे, तो पुढे येतो.

‘रनटाइम एरर २००’: टर्बो पास्कलमध्ये बनवलेले प्रोग्राम वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच असे पडतात. वेळ मोजायच्या कोडमध्ये भागाकाराचं उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही, एवढंच. इथे मेमरीशी खेळण्यात वेळ घालवू नका.

६४० केबीचा कप्पा

१९८१ च्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला १ एमबीपर्यंतच पत्ते मोजता येत. त्यातला वरचा ३८४ केबीचा भाग पडद्यासाठी, कार्डांसाठी आणि बायोससाठी राखून ठेवला, उरलेले ६४० केबी प्रोग्रामला दिले. पुढे रॅम कितीही वाढली तरी डॉसचे साधे प्रोग्राम याच खोलीत राहतात. आणि खोलीत ते एकटे नसतात: डॉस स्वतः, माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर, नेटवर्क, देवनागरीसाठी आधी चढवलेला शेल, सगळे तिथेच पाय पसरून बसतात.

शुद्ध डॉस ६.२२ असलेल्या मशीनवर मेम /सी /पी अशी कमांड द्या. आकडे बरेच येतील, पण पाहायची ओळ एकच: ‘लार्जेस्ट एक्झिक्युटेबल प्रोग्राम साइज’. नीट बसवलेल्या मशीनवर ती ६०० केबीच्या वर जाते. ४५०-५०० केबीवर अडकली असेल तर फॉक्सप्रो (हेही डेटाबेसचंच जुनं साधन) किंवा क्लिपरचा मोठा प्रोग्राम कुरकुर करणारच. त्याच यादीत कोण किती जागा खातो तेही दिसतं. डॉसकी ४ केबी खातं, ते सोडून द्या. स्मार्टड्राइव्ह (डिस्कचा कॅश) आणि एमएससीडेक्स (सीडीसाठी) प्रत्येकी २५ केबीच्या पुढे जातात. नॉव्हेलच्या काळातलं नेटवर्क असेल तर त्याचे तुकडे मिळून साठ केबीच्या आसपास बसतात. पट्टी काढायच्या मशीनवर सीडीचा ड्रायव्हर कशाला? ती ओळ आधी रेम करा, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला ‘रेम’ लिहून ती बंद करा.

मग कॉन्फिग.सिस या क्रमाने लिहा:

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=हाय,यूएमबी
फाइल्स=९९
बफर्स=२०
स्टॅक्स=०,०

क्रम महत्त्वाचा आहे. हायमेम (१ एमबीच्या वरची मेमरी उघडणारा ड्रायव्हर) आधी नसेल तर ईएमएम३८६ (वरच्या ३८४ केबीतले मोकळे तुकडे वापरात आणणारा) चढत नाही, आणि ईएमएम३८६ नसेल तर ड्रायव्हर वरच्या भागात चढवायच्या ‘डिव्हाइसहाय’ व ‘एलएच’ या ओळी निमूटपणे खालीच चढतात. एररही येत नाही, त्यामुळे ‘सगळं वर टाकलंय’ असा समज होतो. डॉस=हाय या शब्दांनी डॉसचा सुमारे ४५ केबीचा गाभा १ एमबीच्या लगेच वरच्या पट्ट्यात जातो; एका ओळीत एवढी बचत दुसरीकडे कुठे मिळत नाही. बफर्स वीसच्या आसपास ठेवले तर तेही त्याच पट्ट्यात मावतात. फाइल्सच्या प्रत्येक आकड्याला ५९ बाइट लागतात, म्हणजे ९९ ला जेमतेम ६ केबी. तेवढे खुशाल खर्च करा. क्लिपर ५ चा प्रोग्राम असेल तर ऑटोएक्झेक.बॅटमध्ये (डॉस सुरू होताना चालवतं ती कमांडची फाइल) सेट क्लिपर=एफ:८० ही ओळही हवी. हा आकडा आणि फाइल्सचा आकडा यांत जो लहान असेल तोच चालतो, म्हणून एकच वाढवून फरक पडत नाही.

ईएमएम३८६ च्या ओळीत ‘नोईएमएस’ लिहायचं की ‘रॅम’? सॉफ्टवेअर एक्सपांडेड मेमरी (ईएमएस: ६४० केबीबाहेरची मेमरी एका खिडकीतून वापरायची जुनी पद्धत) वापरत असेल तर ‘रॅम’, नाहीतर ‘नोईएमएस’. एक्सपांडेड मेमरीची खिडकी वरच्या भागातले ६४ केबी अडवते. ती काढली की तेवढी जागा ड्रायव्हरांना मिळते. कागदपत्रं हरवली असतील तर नोईएमएसने सुरुवात करा. सॉफ्टवेअर मोठा रिपोर्ट काढताना अडलं तरच रॅमवर या.

आता ड्रायव्हर वर चढवा, सगळ्यात मोठा आधी. वरची जागा सलग नसते, तुकड्यातुकड्यांनी असते. छोटे आधी बसले की मोठ्याला सलग तुकडा उरत नाही. त्यातही एक खोच आहे. बरेच ड्रायव्हर चढताना जास्त जागा मागतात आणि स्थिरावल्यावर सोडतात. मेमच्या यादीत १७ केबीचा दिसणारा ड्रायव्हर २० केबीच्या तुकड्यात चढत नाही, त्याचं कारण हेच. हे जुळवणं हाताने जमेना तर डॉस ६ पासून सोबत येणारं मेममेकर चालवा, एक्सप्रेस पर्याय घ्या. ते दोनदा मशीन रीस्टार्ट करून वेगवेगळे क्रम मोजून बघतं. बिघडलं तर मेममेकर /अनडू. मशीन चालूच होईना तर ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ दिसताच एफ५ दाबा, कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या दोन्ही फाइली वगळून डॉस उघडतं. एफ८ दाबलं तर एकेक ओळ विचारत जातं. कुठल्या ओळीवर अडतं ते तिथेच कळतं.

रबाळे-महापे पट्ट्यातल्या वर्कशॉपमध्ये लेथ किंवा मिलिंग मशीनला जोडलेल्या पीसीत खास कार्ड असतं, तिथे एक जास्तीची काळजी. काही कार्डं वरच्या ३८४ केबीतला एखादा तुकडा स्वतःसाठी वापरतात. ईएमएम३८६ ला ते कळलं नाही तर ते त्याच जागी ड्रायव्हर बसवतं आणि मशीन मधेच गोठतं. कार्डाच्या जंपरवर किंवा पुस्तिकेत पत्ता असतो; तो डी००० असेल तर ईएमएम३८६ च्या ओळीत एक्स=डी०००-डी७एफएफ असं जोडा. चालू जॉबच्या मशीनवर हा प्रयोग करू नका. शिफ्ट संपल्यावर, स्पिंडल बंद ठेवून करा.

फॉक्सप्रो आणि मार्चअखेर

वर्षभर बिनतक्रार चालणारा प्रोग्राम नेमका मार्चमध्ये अडतो, कारण तेव्हा डेटा सगळ्यात मोठा असतो आणि त्याच दिवसांत रीइंडेक्स, पॅक, वर्षअखेरचे रिपोर्ट असं जड काम निघतं. फॉक्सप्रो २.६ च्या दोन आवृत्त्या सोबत येतात: फॉक्सप्रो.ईएक्सई ही साधी, ती ६४० केबीत राहते, फॉक्सप्रोएक्स.ईएक्सई ही एक्सटेंडेड, ती वरची मेमरी वापरते. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट किंवा बॅच फाइल साधीच चालवत असेल तर एक अक्षर वाढवून तक्रार मिटू शकते. हे आधी बघा, बाकीचं नंतर.

तात्पुरत्या फाइली कुठे पडतात तेही बघा. कॉन्फिग.एफपीमध्ये टीएमपीफाइल्स=डी:\टेंप अशी ओळ देऊन त्या भरपूर जागेच्या ड्राइव्हवर न्या, आणि ते फोल्डर आधी तयार करा. वीज जाऊन प्रोग्राम मधेच बंद पडला की तात्पुरत्या फाइली मागे राहतात. प्रोग्राम बंद असताना ते फोल्डर रिकामं करायचं, महिन्यातून एकदा पुरे.

विंडोज एक्सपी आणि ३२ बिट विंडोज

इथे डॉसचा प्रोग्राम खऱ्या डॉसमध्ये नव्हे, एनटीव्हीडीएम नावाच्या नकली डॉसमध्ये चालतो. त्याच्या कॉन्फिग फाइली वेगळ्या: सी:\विंडोज\सिस्टिम३२ मधल्या कॉन्फिग.एनटी आणि ऑटोएक्झेक.एनटी. सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेली कॉन्फिग.सिस बदलून एक्सपीत काहीही होत नाही. तरीही बऱ्याच मशीनवर तिथेच खाडाखोड केलेली सापडते.

मूळ फाइलींना हात लावू नका. दोन्हींची प्रत सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये घ्या. मग सॉफ्टवेअरच्या ईएक्सई फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रोग्राम टॅब, अॅडव्हान्स्ड, आणि तिथे या प्रतींचे पाथ द्या. बॅच फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये हे टॅब येत नाहीत, म्हणून ईएक्सईवरच करायचं. ओके दिल्यावर त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची, ही सेटिंगं साठवणारी पिफ फाइल तयार होते. डेस्कटॉपवर शॉर्टकट तिचा ठेवा.

प्रतीतल्या कॉन्फिग.एनटीमध्ये फाइल्सचा आकडा ४० असतो, तो ९९ करा. डॉस=हाय, यूएमबी ही ओळ आहे ना ते बघा. ऑटोएक्झेक.एनटीमध्ये एमएससीडेक्सएनटी ही सीडीची ओळ रेम करून चालते. डेटा त्याच मशीनवर असेल तर रीडायर नावाचीही. डॉसएक्स मात्र सांभाळून: प्रोटेक्टेड मोडमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरला ते लागतं. काढल्यावर सॉफ्टवेअर उघडेनासं झालं तर लगेच परत लावा.

आता प्रॉपर्टीजमधला मेमरी टॅब. कन्व्हेन्शनल ‘ऑटो’ असू द्या. एक्सएमएस (एक्सटेंडेड मेमरी) ‘ऑटो’वरून १६३८४ वर आणा. ईएमएस मुळात ‘नन’ असतं. सॉफ्टवेअरला हवं असेल तर तेही ८१९२ किंवा १६३८४. मर्यादा घालायचं कारण असं: जुने प्रोग्राम मोकळी मेमरी केबीमध्ये १६ बिटांच्या आकड्यात ठेवतात. तो आकडा ६५,५३५ च्या पुढे जात नाही आणि काही प्रोग्रामांत ३२,७६७ नंतर उणे होतो. ३२ एमबीहून जास्त दिली की प्रोग्रामच्या हिशेबी ती शून्याच्या खाली जाते आणि तो ‘मेमरी नाही’ म्हणतो. १६ एमबीत फॉक्सप्रोचं काम आरामात होतं.

ईएमएस देऊनही प्रोग्रामला ते दिसत नसेल, तर त्या मशीनच्या ग्राफिक्स कार्डाने किंवा बायोसने वरच्या भागात ६४ केबीची सलग जागा ठेवलेली नाही. कॉन्फिग.एनटीच्या प्रतीत ईएमएम=रॅम ही ओळ टाकून बघा; त्यानेही न जमल्यास या मशीनचा नाद सोडून पुढचा भाग वाचा.

एक वेगळाच संदेश वारंवार येतो: ऑटोएक्झेक.एनटी ही फाइल डॉस प्रोग्राम चालवायला योग्य नाही, असा. बहुतेक वेळा ती फाइल जागेवर नसतेच. सी:\विंडोज\रिपेअर फोल्डरमधून सिस्टिम३२ मध्ये कॉपी करा. पुन्हा गायब झाली तर मशीनमध्ये काहीतरी ती पुसतंय. आधी व्हायरस स्कॅन करा, नाहीतर हाच उद्योग दर आठवड्याला करावा लागेल.

३२ बिट विंडोज १० वर एनटीव्हीडीएम आहे, पण ‘विंडोज फीचर्स’मधल्या लेगसी कंपोनंट्समधून ते चालू करावं लागतं.

६४ बिट विंडोजवर आलात तर

तिथे १६ बिटचा प्रोग्राम चालतच नाही. रॅम, ड्रायव्हर, सेटिंग, कशानेही नाही. आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. म्हणजे मार्ग दोन: डॉसबॉक्ससारखा एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम), किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या नकली पीसीत) एक्सपी.

एकाच मशीनवर एकच माणूस काम करत असेल तर डॉसबॉक्स पुरतं. त्यात कन्व्हेन्शनल मेमरी ६३२ केबी मोकळी मिळते, जी खऱ्या मशीनवर मिळवायला घाम काढावा लागतो. मेमसाइज मुळात १६ एमबी असते. ती तशीच ठेवा. अडचण दोन ठिकाणी येते. एक, डॉसबॉक्स माउंट केलेल्या (म्हणजे खरं फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडलेल्या) ड्राइव्हवर मोकळी जागा २५० एमबीच्या आसपासच दाखवतं, मग खरी हार्डडिस्क कितीही मोठी असो. जागा तपासून काम करणारा प्रोग्राम मार्चअखेरच्या मोठ्या इंडेक्सला नकार देतो. माउंट सी सी:\हिशेब -फ्रीसाइज १००० असं दिलं की सुटतं. हा आकडा २००० च्या पुढे नेऊ नका. जुन्या प्रोग्रामांचं जागेचं गणित २ जीबीपुढे उलटतं. दुसरी अडचण गंभीर आहे: साधं डॉसबॉक्स फाइल लॉकिंग (एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणं) नीट करत नाही. दोन मशीनवरून एकाच डेटाला हात लागला की इंडेक्स बिघडतात, आणि ते लगेच नाही, आठवड्याने लक्षात येतं. दोन काउंटर असतील तर व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स बघा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी ते जास्त बरे, छपाईही त्यांतून होते.

व्हर्च्युअल मशीन करायचं तर एक्सपीला ५१२ एमबी रॅम आणि १० जीबी डिस्क द्या. जास्त द्यायचा मोह टाळा. वरचं ३२ एमबीचं उदाहरण आठवा. सॉफ्टवेअरला पॅरलल पोर्टवरचं लॉक (नक्कल रोखायला मागे लावलेला डोंगल) असेल तर आधी त्याचा विचार करा. बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल वायर फक्त प्रिंटरसाठी असते, लॉक तिच्यावर ओळखलं जात नाही. असं लॉक असेल तर खरा पॅरलल पोर्ट असलेलं जुनं मशीन जपणं स्वस्त पडतं.

रॅम जास्त झाल्याचा आजार

वर्कशॉपमधला विंडोज ९८ चा पीसी बंद पडला, मदरबोर्ड बदलला, नव्या बोर्डावर १ जीबी रॅम आली आणि विंडोज म्हणतं मेमरी अपुरी. ५१२ एमबीच्या पुढे विंडोज ९८ चं व्हीकॅश, म्हणजे डिस्कचा कॅश, रॅमच्या प्रमाणात फुगतो आणि सिस्टिमच्या पत्त्यांची जागाच खाऊन टाकतो. चालू होताना कंट्रोल की धरून मेन्यूतून कमांड प्रॉम्प्ट घ्या, एडिट सी:\विंडोज\सिस्टिम.आयएनआय उघडा. [व्हीकॅश] या मथळ्याखाली मॅक्सफाइलकॅश=२६२१४४ लिहा; आकडा केबीत आहे, म्हणजे २५६ एमबी. एवढ्याने नाही भागलं तर [३८६ईएनएच] खाली मॅक्सफिजपेज=२०००० जोडा. हा आकडा हेक्साडेसिमल आहे आणि एक पान ४ केबीचं. हिशेब ५१२ एमबीचा होतो. बायोसमध्ये एजीपी अॅपर्चर २५६ असेल तर ६४ करा, तोही त्याच पत्त्यांमधून जागा घेतो. किंवा सरळ एक रॅम काढून ठेवा. विंडोज ९८ ला २५६ एमबी भरपूर आहे.

‘पॅक्ड फाइल इज करप्ट’ हा त्याच जातीचा. फाइल करप्ट नसते. एका विशिष्ट पद्धतीने आवळलेला जुना प्रोग्राम पहिल्या ६४ केबीत चढला तर उलगडताना चुकतो, आणि तुम्ही डॉस वर हलवून खालची जागा मोकळी केली म्हणूनच तो तिथे चढला. प्रोग्रामच्या नावाआधी लोडफिक्स लिहा. झालं.

विंडोजच्या जुन्या ३२ बिट प्रोग्रामांत हीच गोष्ट दुसऱ्या रूपात भेटते. मेमरी विचारायचं जुनं फंक्शन ४ जीबीच्या पुढच्या मशीनवर उणे एक असं उत्तर देऊ शकतं; प्रोग्राम ते ‘काहीच नाही’ असं वाचतो. आधी कंपॅटिबिलिटी टॅबमध्ये विंडोज ९८ किंवा एक्सपी निवडून बघा. नाही चाललं तर मायक्रोसॉफ्टच्या कंपॅटिबिलिटी अॅडमिनिस्ट्रेटरची ३२ बिट आवृत्ती घेऊन त्या ईएक्सईला ‘ग्लोबलमेमरीस्टेटस२जीबी’ हे फिक्स लावा.

पत्रिका, फलक आणि फॉन्ट

डीटीपीच्या मशीनवर विंडोज ९८ असेल तर तिथे वेगळा कप्पा भरतो. खिडक्या, बटणं, ब्रश यांच्या नोंदी जीडीआय आणि यूझर या ६४ केबीच्या छोट्या ढिगांत राहतात. रिसोर्स मीटर चालू करा. मशीन सुरू केल्यावर आकडा ८५ ते ९० टक्के असायला हवा. तो ३० च्या खाली गेला की मेन्यू अर्धवट दिसतात, आयकॉन काळे पडतात, मग मेमरीचा संदेश. काही प्रोग्राम बंद झाल्यावरही या जागा परत करत नाहीत. त्यावर रीस्टार्ट हाच इलाज. दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकदा करायची सवय लावा. एमएसकॉन्फिगच्या स्टार्टअप टॅबमधून घड्याळाजवळची बिनकामाची मंडळी काढा.

फॉन्टचाही मोठा वाटा. मराठी फॉन्टची जुनी पॅकेजं एका दमात शेकडो फॉन्ट टाकतात, आणि विंडोज ९८ हजाराच्या आसपास ट्रूटाइप फॉन्टांनंतर कोलमडतं. पत्रिकेला लागणारे तीस-चाळीस ठेवा, बाकीचे दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा.

एक्सपीवर हेच लक्षण दिसलं तर टास्क मॅनेजरमध्ये व्ह्यू, सिलेक्ट कॉलम्समधून ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ चालू करा. एका प्रोग्रामला १०,००० ची मर्यादा आहे. आकडा चढतच जात असेल तर दोष प्रोग्रामचा आहे, रॅमचा नाही. ‘व्हर्च्युअल मेमरी लो’ असा फुगा येत असेल तर सी ड्राइव्हवर जागा करा. ५१२ एमबी रॅमच्या मशीनवर पेजिंग फाइल ७६८ ते १५३६ एमबी ठेवा.

आणि खरंच रॅमच खराब असेल तर

ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका बाजूला खाडीची दमट हवा, दुसऱ्या बाजूला रासायनिक कारखाने. रॅमच्या सोनेरी पायांवर आणि स्लॉटमध्ये थर चढतो, विशेषतः पावसाळ्यात. मग सुरुवातीला बायोस निम्मीच रॅम मोजतं, किंवा अवॉर्ड बायोसचं मशीन थांबून थांबून लांब बीप देत राहतं. डॉस ६.२ पासूनचं हायमेम सुरू होताना स्वतः मेमरी तपासतं आणि ‘अनरिलायबल एक्सएमएस मेमरी’ म्हणतं. हा संदेश आला तर सेटिंगला हात लावू नका.

प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. रॅम काढून पाय पांढऱ्या मऊ खोडरबराने हलके पुसा, कीस ब्रशने झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाच मिनिटं वाळू द्या. कॉलिन किंवा थिनर नको. स्लॉट ब्रशने साफ करा, रॅम दोन्ही खटके बसेपर्यंत दाबा. नंतर मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवा. एकही लाल ओळ आली तर रॅम एकेक करून तपासा. दोष रॅमबरोबर दुसऱ्या स्लॉटमध्ये गेला तर रॅम खराब, जागेवरच राहिला तर स्लॉट. जुनी डीडीआर१ किंवा एसडी रॅम हवी असेल तर लॅमिंग्टन रोडला वापरलेली मिळते. दुकानात लावून बघूनच घ्या.

परत का येतं

सगळं नीट बसल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी तोच एरर आला, तर बहुधा मधे कोणीतरी मशीन फॉरमॅट केलेलं असतं, किंवा प्रिंटर-स्कॅनरच्या सीडीने ऑटोएक्झेकमध्ये ओळी घातलेल्या असतात, किंवा पिफऐवजी मूळ ईएक्सईचा नवा शॉर्टकट काढलेला असतो. म्हणून चालू स्थितीतल्या कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक फाइली, पिफ आणि मेम /सी चा निकाल एका पेनड्राइव्हवर ठेवा. मेम /सी > मेम.टीएक्सटी दिलं की निकाल फाइलमध्ये उतरतो. त्यातला ‘लार्जेस्ट’चा आकडा कागदावर लिहून तारखेसह कॅबिनेटच्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी इंजिनीअर आला की आधी मेम चालवायला सांगा. आकडा कागदावरच्याइतकाच असेल तर कॉन्फिगला हात न लावता थेट टेंप फोल्डर आणि फाइल्सचा आकडा बघायचा.